कंपनीचा कॉम्प्युटर

"काका, रॅम किती टाकू?" पेणच्या दुकानात जितेशने चौथ्यांदा विचारलं, तेव्हा हासाजी घोसाळकरांचं डोकं उठलं.

"अरे, मला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवाय. तयार. बटन दाबलं की चालू. हाय का नाय?"

तयार ठेवत नाही, जोडून देतो, असं जितेश म्हणाला. मग साउंड कार्ड वेगळं, रंगीत मॉनिटर वेगळा, सीडी लावायची सोय वेगळी. एकेका वस्तूगणिक आकडा असा चढत गेला की हासाजी पिशवी उचलून सरळ स्टँडवर आले. रोह्याची एसटी येईपर्यंत ते जितेशला, कॉम्प्युटरला आणि स्वतःच्या मुलाला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

मुलाला अशासाठी, की हे लचांड त्याच्यामुळेच मागे लागलं होतं. नथानियल पाच वर्षांपूर्वी इतर बेने इस्रायली नातलगांसारखा बायको-मुलीला घेऊन इस्रायलला गेला, तो आता पहिल्यांदाच येणार होता, लीयाला घेऊन, आठ दिवसांसाठी. फोनवर म्हणाला, लीया बारा वर्षांची झालीय, तिला रोज कॉम्प्युटरवर गेम लागतो, रोह्यात कंटाळली तर आम्ही ठाण्याला तिच्या मामाकडे जाऊ. म्हणजे आपली नात आपल्या घरात किती दिवस राहणार, हे एक यंत्र ठरवणार! एकतीस वर्षं कंपनीत बॉयलर सांभाळून निवृत्त झालेल्या हासाजींना याचा भयंकर संताप आला. पण बायको गेल्यापासून त्यांच्या घरात दुसरं ताट मांडलं गेलं नव्हतं. संताप गिळून ते शेजारच्या प्रणिताकडे गेले.

प्रणिता कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिने त्यांचं बजेट विचारलं, ऐकलं आणि सुस्कारा सोडला.

"काका, जोडलेल्याच्या भानगडीत पडू नका. बिघडला तर कोण बघणार? थोडा जुना असला तरी चालेल, पण कंपनीचाच घ्या."

"कंपनीचा?"

"व्हय, कंपनीचाच."

आता रोह्यात कंपनी म्हणजे धाटावच्या औद्योगिक वसाहतीतली. कंपनीची बस, कंपनीचा साबण, लग्नाच्या बाजारात कंपनीचा जावई. हासाजींना दुसरा अर्थ सुचणं शक्यच नव्हतं. उलट, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही म्हणून ते स्वतःवरच चिडले. त्यांच्या कंपनीत जुनं सामान विकायला काढलंच होतं. कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातल्या गुणाजीने जुन्या ओळखीखातर त्यांना तिथलाच एक कॉम्प्युटर मिळवून दिला, तोही बजेटच्या अर्ध्यात. रिक्षात तो मॉनिटर मांडीवर धरून येताना हासाजी कित्येक दिवसांनी खुशीत होते.

प्रणिताने तो चालू केला आणि कपाळावर हात मारला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. रंग नाही, आवाज नाही.

"काका, कंपनीचा म्हणजे नावाजलेल्या कंपनीने बनवलेला. तुम्ही कंपनीतला आणलात."

"मग तसं नीट सांगायचं ना गो," हासाजी करवादले. परत द्यायला गेले, तर विकलेला माल परत घेत नाही म्हणून गुणाजीने हात वर केले. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले.

लीया शहाणी पोर. तिने पडद्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि हसली. त्या समजूतदार हसण्याचंच हासाजींना फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी नथानियलने ठाण्याला जायला गावातल्या जगनची भाड्याची जीप ठरवली, दुसऱ्या दिवशी सकाळची. हासाजींनी तडक जाऊन प्रणिताला आणलं आणि आत पत्त्यांचा तरी एखादा खेळ सापडतो का बघ म्हणून तिला यंत्रासमोर बसवलं.

खेळ कसला सापडतोय! टाइम ऑफिसची जुनी हजेरी मात्र कोणी पुसली नव्हती. लीयाला इंग्रजीत आजोबांचं नाव दिसलं आणि तिला गंमत वाटली. नावापुढे ओळीने 'पी' होते. पी म्हणजे हजर, असं प्रणिताने सांगितलं. लीयाने आपल्या वाढदिवसाची तारीख काढली. पी. नथानियलच्या वाढदिवसालाही पी. मग तिने आपण विमानात बसलो तो पाच वर्षांपूर्वीचा दिवस काढला, चौदा मार्च. तिथे 'एल' होता.

"एल म्हणजे रजा," प्रणिता म्हणाली.

नथानियल उठून पडद्याजवळ आला. बाप विमानतळावर निरोपालासुद्धा आला नाही, हे पाच वर्षं त्याच्या मनात सलत होतं. शिफ्ट आहे, असा निरोप आला होता.

"बाबा, त्या दिवशी तुमची रजा होती?"

"होती," हासाजी वैतागूनच म्हणाले. "निघालो होतो मी. पेणपर्यंत गेलो. पुढं पाय उचलंना. दोन तास स्टँडवर बसलो नि मागं फिरलो. आता बंद करा ते, उगाच वीज जळते."

कोणी बंद केलं नाही. थोड्या वेळाने नथानियल चपला घालून जगनला जीप नको म्हणून सांगायला गेला. लीयाने आजोबांना हाताला धरून शेजारी बसवलं आणि त्या वर्षात आणखी एल कुठे आहेत ते शोधू लागली. डिसेंबरपर्यंत शोधलं. तो एकच होता.