बटणांची पैज

बाबांच्या घोरण्यावर मी लहानपणी बरीच बटणं जिंकली आहेत. जेवण झालं की ते दुकानाचं दार अर्धं ओढून कापणीच्या टेबलावर आडवे व्हायचे, आणि मी नि ताई बटणांचा डबा घेऊन टेबलाखाली शिरायचो. बाबांचं घोरणं म्हणजे मालगाडी. मधेच ती थांबायची, आवाज नाही, श्वास नाही. गाडी सिग्नलला थांबली, असं आम्ही म्हणायचो आणि किती आकड्यांनी सुटेल यावर पैज लावायचो. मी बारा म्हणायचो, ताई वीस. मग दबक्या आवाजात मोजायचं. गाडी हिसका देऊन सुटली की ज्याचा आकडा जवळचा, त्याला एक बटण. शिंपल्याची सगळी बटणं ताईकडे गेली, कारण ती कायम मोठा आकडा सांगायची.

खडूचा वास, तापलेल्या इस्त्रीचा वास, वरून लोंबणारा बाबांचा हात. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

आता ते टेबल माझं, दुकान माझं आणि घोरणंही माझंच. मध्यंतरी मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागला आणि एका वकिलाच्या कोटाला मी डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे जोडली. कोट घातल्यावर वकिलाचे दोन्ही हात पाठीमागे वळायला लागले. बायको मला सरळ डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी अंगाला वायरी लावून झोपवलं आणि सांगितलं की झोपेत माझा श्वास थांबतो, तासाला तीसेक वेळा. नाकावर मास्क लावून झोपायचं, मशीन हवा सोडत राहील, म्हणजे श्वासही थांबणार नाही आणि घोरणंही बंद होईल.

मशीन आलं. या घरात एक मशीन पुरे, असं म्हणून मी ते कपाटावर अस्तरांच्या गठ्ठ्यामागे टाकलं. बायकोने रक्तदाबाचा विषय काढला, हृदयाचा काढला, स्वतःच्या उडालेल्या झोपेचा काढला. मी नुसतं हूं हूं केलं. खरं कारण तिला कसं सांगणार? घोरणारा माणूस म्हणजे माझ्या लेखी भरलेलं घर होतं. बाबांचं तेवढंच माझ्याकडे उरलं होतं.

मग ताई चार दिवस राहायला आली. दुसऱ्या दिवशी जेवून मी टेबलावर लवंडलो. जाग आली तेव्हा ती स्टुलावर बसली होती, चेहरा उतरलेला.

"एकेचाळीस," ती म्हणाली.

मला हसू आलं. पैजेला काय लावलं होतंस, असं मी विचारलं. ती हसली नाही.

बाबा गेले त्या दुपारी मला अस्तर आणायला पाठवलं होतं आणि दुकानात ताई एकटीच होती. डॉक्टर हृदय म्हणाले होते. तेवढंच धरून आम्ही चाळीस वर्षं काढली.

"मी खाली बसून मोजत होते," ताई म्हणाली. "शंभरच्या पुढे गेले. वाटलं, तू आलास की आकडा सांगेन, आज सगळा डबा माझा. म्हणून हाक मारली नाही. दोनशेला मारली."

तू तेरा वर्षांची होतीस, एवढंच म्हणालो.

"आता त्रेपन्न वर्षांची आहे. मला परत मोजायला लावू नकोस."

मी स्टुलावर चढलो आणि कपाटावरून मशीन उतरवलं. मास्कचा पट्टा डोक्याला दोन बोटं सैल होत होता. ताईने तो ओढून नीट बसवला, शेवटी शिंप्याचीच मुलगी. नाकात वारं शिरलं. मी तिच्यासमोर टेबलावर परत आडवा झालो.

उठलो तेव्हा चार वाजून गेले होते. ताई स्टुलावर नव्हती. खाली वाकून पाहिलं, तर ती टेबलाच्या पायाला टेकून गाढ झोपली होती आणि चक्क घोरत होती. मी मास्क काढून कान दिला. बराच वेळ ऐकलं. गाडी कुठेही थांबत नव्हती.