क्रूझवरचा सूचनांचा डबा

जरा टेका. घाई नसेल तर माझं ऐका. बोलणारा मी, एक पत्र्याचा डबा. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात 'सूचनापेटी' असं लिहिलंय म्हणतात. मला वाचता येत नाही. ज्याच्या पोटात पाच महिने नुसते कागद पडून होते, त्याला अक्षरओळख नसावी याचं तुम्हाला हसू येईल. हसा. मला मात्र हल्ली हसू येत नाही. मी तसा थंड स्वभावाचा, पण यंदा माझा पत्रा तापलाय, आणि तो काही उन्हानं तापलेला नाही.

पेटी मी नंतर झालो. मूळचा मी तेलाचा डबा. तेल संपल्यावर लोणावळ्याच्या बाजारातल्या एका चिक्कीच्या दुकानात मला शेंगदाणे भरायला ठेवलं. बारा वर्षं तिथं काढली. सकाळी भाजून सोललेले दाणे माझ्यात ओतायचे, दुपारपर्यंत ते गुळाच्या पाकात जायचे, आणि संध्याकाळी मी रिकामा. तळ दिसला की मालकीणबाई माझ्यावर बोटं वाजवून म्हणायच्या, "झालं रे तुझं आजचं काम." डब्यानं कसं वागावं ते मी तिथं शिकलो. आत आलेलं जपायचं, आणि वेळेला बाहेर काढून द्यायचं. नुसतं गिळून गप्प बसणं हे डब्याचं काम नव्हे.

पुढं दुकानात प्लॅस्टिकचे पिंप आले आणि मी भंगारात गेलो. तिथून मला सोमाटण्याच्या बाजीराव पत्रेवाल्यानं उचललं. एका हॉटेलवाल्यांचा माणूस त्याला सांगून गेला होता, "पेटी पाहिजे, कुलूप लागणारी, वर फट असलेली, उद्याच्या उद्या." बाजीरावानं मला झाकण बसवलं, कडी लावली, फट पाडली. फटीच्या धारेनं कुणाचा हात कापू नये म्हणून तिच्या कडा आत वळवल्या आणि वर कानस फिरवली. म्हणाला, "लेका, शेंगदाण्यापरीस भारी माल येणार आता तुज्यात. लोकांच्या मनातलं येणार. नीट सांभाळ."

मी सांभाळलं हो. त्यात माझी कसूर नाही.

टाकवे बुद्रुकच्या पुढं आत गेलं की धरणाचं पाणी लागतं. त्या पाण्यावर हॉटेलवाल्यांनी दोन मजली बोट आणली. तिच्यावर मोठ्या अक्षरात 'क्रूझ' लिहिलंय म्हणे. पलीकडच्या काठाची माणसं तिला लाँचच म्हणतात. त्या माणसांनी आपल्या काठावर बोट लावायला जागा दिली, तेव्हा एक गोष्ट ठरली होती. सकाळी आणि संध्याकाळी एकेक फेरी गावासाठी. ह्यांची रानं त्याच पाण्याखाली गेलेली, रस्त्यानं यायचं तर डोंगराला वळसा घालून दोन तास. त्यामुळं बोटीवर दोन प्रकारचे प्रवासी. वरच्या मजल्यावर फिरायला आलेले, खालच्या मजल्यावर कामाला निघालेले. मला टांगलं खालच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, बोट चालवणाऱ्या माऊलीच्या पाठीमागं.

पहिल्याच आठवड्यात हॉटेलच्या मॅनेजर साहेबांनी मला उघडून दाखवलं. म्हणजे फोटोसाठी. वरच्या पाहुण्यांना सांगत होते, "तुमची प्रत्येक सूचना मी स्वतः वाचणार." फोटो निघाला, कुलूप लागलं, आणि किल्ली त्यांच्या हातातून सटकून पाण्यात गेली. साहेब हसले. म्हणाले, "नवीन करून घेऊ."

ती नवीन किल्ली अजून व्हायचीय.

सूचना मात्र येत राहिल्या. माणसं लिहिताना बोलतात, म्हणून मला कळायचं. "लिही गं, गाणी अजून मोठ्यानं लावा." दुसरं म्हणायचं, "लिहा, गाणी बंद करा, डोकं उठलंय." कुणी म्हणे वर छत घाला, ऊन लागतं. कुणी म्हणे छत काढा, फोटोत सावली पडते. भज्यांबरोबर दोन चटण्या हव्यात. एका गृहस्थांनी पाण्यात मगर सोडायला सांगितली, लांबून दिसेल अशी. एक बाई म्हणाल्या, "खालच्या लोकांच्या दुधाच्या किटल्यांचा वास येतो, त्यांचं काहीतरी वेगळं करा." तेव्हा मला वाटलं, फट मिटून घ्यावी. पण मिटता येत नाही. एकानं तर चिक्कीचा कागद चुरगळून माझ्यात टाकला. किती दिवसांनी तो गुळाचा वास आला! आणि अपमानही झाला.

तरी मी म्हणतो, त्यांनी हौसेनं लिहिलं, ते कुणीतरी वाचायला हवं होतं. मगरीला नाही म्हणायचं, तरी आधी वाचावं तर लागतं की नाही?

धनत्रयोदशीच्या सकाळी लीलाबाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. पलीकडच्या काठाच्या, साठी ओलांडलेल्या, हातात दुधाची किटली. तिकिटं बघणाऱ्या पिंकीला त्यांनी विचारलं, "पोरी, ह्यो डबा कशापायी टांगलाय?"

"सूचनांचा आहे, मावशी. काय हवं-नको ते यात सांगायचं. मालकांपर्यंत पोचतं."

"समद्यांचं?"

"सगळ्यांचं."

पिंकीला वरून हाक आली, ती गेली. लीलाबाईंनी किटली खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला. त्यांच्या गावच्या महादेवाच्या देवळात बायका नंदीच्या कानात मनातलं सांगतात, एक तळहात आडवा धरून. तस्साच तळहात त्यांनी माझ्या फटीला लावला आणि तोंड जवळ आणलं.

"बाबा, लीला बोलतीया. पल्याडची. तुमी उतरायला फळी टाकता नव्हं, तिला धरायला काय बी न्हाई. आत्ता पानी भरल्यालं हाय, फळी आडवी बसती. पर पानी उतरलं, की ती उभी हुती. आमच्या म्हाताऱ्याला एका डोळ्यानं दिसत न्हाई, दुसऱ्यानं अंधूक. दर सोमवारी त्यास्नी लोनावळ्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यावं लागतं. फळीला कठडा बसवा. माझ्यासाठनं न्हाई, मी हरणीवानी उतरते."

माझ्या आयुष्यात थेट मलाच सांगितलेली ही पहिली सूचना. कागद नाही, शाई नाही. आणि हीच माझ्यात राहणार नव्हती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, 'बाई, हे असं नसतं. चिठ्ठी लागते.' पण पत्र्याला जीभ कुठली?

मागं बाकावरच्या धोंडाबाईंनी हाक मारली, "लीलाक्का, काय मागितलंस गं एवढं दडूनशान? नातू?"

"नातू हायती दोन. कठडा मागितला."

"मंग मी बी सांगते. एकीचं ऐकायचा न्हाई त्यो."

"दमानं सांग," शेजारचा कुणीतरी म्हणाला, "डबा हाय, भैरा न्हाई."

खालचा मजला हसला, पण उठला. त्या दिवसापासून माणसं येता-जाता माझ्या फटीला हात लावून सांगायला लागली. सगळ्यांचं मागणं एकच. फळीला कठडा. लीलाबाईंचे मालक, दत्तोबा, एकदा स्वतः आले. उंच, ताठ माणूस, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. मला चाचपून बघितलं आणि म्हणाले, "धारा चांगल्या मोडल्यात. करणारा गडी जाणता हाय." बाजीरावाला कुणीतरी एवढं सांगायला हवं होतं.

हे सगळं माऊलीच्या कानावर पडत होतं. तो भला माणूस. संक्रांतीच्या सुमारास त्यानं आपल्या हातानं फळीच्या कडेनं एक बांबू बांधला. चार दिवस माणसं धरून उतरली. पाचव्या दिवशी मॅनेजर साहेबांनी तो सोडायला लावला.

"अरे, क्रूझ आहे ही! बांबू बांधलेला फोटोत कसा दिसतो?"

"साहेब, लोकं कठडा मागत्यात. पानी उतराय लागलंय."

"लेखी आहे का कुणाचं? मग? पेटी कशाला लावलीय आपण?"

ऐकलंत? पेटी कशाला लावलीय! मी त्या माणसाच्या कोपराला चिकटून लटकत होतो, माझी किल्ली पाण्याच्या तळाशी गाळात, आणि तो मला साक्षीला काढत होता.

पाणी उतरत गेलं. ह्या धरणाचं असंच आहे, दिवाळीला काठोकाठ, आणि होळीपर्यंत तांबड्या मातीचा उभा उतार उघडा पडतो. आडवी बसणारी फळी जिन्यासारखी उभी राहिली. लीलाबाई दर सोमवारी मला आठवण करून द्यायच्या. होळीच्या आदल्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. "बाबा, किती येळा सांगू? तुला कान हायती का न्हाई?"

होळी होऊन आठ दिवस झाले होते. संध्याकाळची फेरी, सूर्य अजून डोंगरावर. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली होती, म्हणून दोघंही खुशीत. लीलाबाई म्हणाल्या, "हितंच थांबा. किटली वर काठावर ठेवते आन् तुमास्नी न्यायला येते." त्या फळी चढून गेल्या. दत्तोबा हसत म्हणाले, "अगं येतो की, चार पावलं तर हाईत."

तिसऱ्या पावलाला पाय सरकला. मी जिन्याच्या तोंडाशी टांगलेला, मला सगळं दिसलं. त्यांचा उजवा हात बाजूला गेला, कमरेच्या उंचीवर, आणि हवेत काहीतरी शोधत राहिला. तिथं काहीच नव्हतं. मग ते खाली गेले.

खुबा मोडला. सळई घातली. डोळ्याची तारीख येऊन गेली.

चौकशीला अनिताबाई नावाच्या सरकारी अधिकारी आल्या, वही घेऊन. गावची माणसं खालच्या मजल्यावर जमली. मॅनेजर साहेब अगदी नम्र. म्हणाले, "आमच्याकडं सूचनापेटी आहे, मॅडम. आजपर्यंत फळीबद्दल एकही तक्रार नाही."

"उघडा पेटी."

"चावी ऑफिसला राहिलीय."

चाकाजवळून माऊली म्हणाला, "चावी पान्यात हाय, साहेब. तुमच्याच हातनं पडली."

मग छिन्नी आणली. माझी कडी तुटली, झाकण वाकलं. पाच महिन्यांचे कागद बाहेर आले, चिक्कीच्या वेष्टनासकट. पिंकीनं एकेक वाचून दाखवला. गाणी मोठी, गाणी लहान, छत, चटणी, मगर. शेवटचा कागद संपला.

साहेबांनी हात पसरले. "बघा. फळीचा शब्द नाही."

त्या क्षणी मी रिकामा होतो, आणि इतकं जड मला कधी वाटलं नव्हतं. सगळ्यांदेखत मी खोटा साक्षीदार ठरलो.

लीलाबाई पुढं आल्या. "म्याडम, मी सांगितलं हुतं."

"चिठ्ठी टाकली होती का?"

"चिठ्ठी कशाची? मला कुटं लिवता येतंय. ह्या डब्याच्या कानात सांगितलं. धनत्रयोदशीला पयल्यांदा. मंग चंपाषष्ठीला, देवाचं रोडगं घिऊन चाललेवते तवा. मंग भोगीला. होळीच्या आदल्या दिशी तर भांडलेवते त्याच्यासंगं."

साहेब फिसकन हसले. "डब्याच्या कानात! घ्या!"

त्यांचं हसू तिथंच राहिलं, कारण पिंकी बोलली. "मावशींना मीच सांगितलं होतं, यात सांगा म्हणून. सगळ्यांचं पोचतं असंही मीच म्हणाले."

धोंडाबाई उठल्या. "मी बी सांगितलं." त्यांच्या मागं एक शेतकरी. "म्या बी." मग एकेक करत सगळा मजला उभा राहिला. एकोणीस माणसं. कुणी नागवेलीची पानं विकायला निघालं होतं तेव्हा सांगितलेलं, कुणी लेकीच्या बाळंतपणाला जाताना. प्रत्येकाला आपला दिवस आठवत होता. जे माझ्यात राहिलं नव्हतं असं मी समजत होतो, ते सगळं त्यांच्यात जागच्या जागी होतं.

अनिताबाईंनी वहीचं पान उलटलं. "एकेकानं बोला. सावकाश. मी लिहिते." आणि साहेबांकडं न बघता म्हणाल्या, "तुम्ही उभे राहा. ऐका."

पंधरा दिवसांत कठडा बसला. लोखंडी पाइपचा, दोन्ही बाजूंनी. एका दुपारचं काम. वेल्डिंगवाला माझ्याशेजारी चहा पीत म्हणाला, "एवढ्यासाठी चौकशी?"

मी आहे तिथंच आहे. झाकण वाकल्यामुळं नीट बसत नाही, पावसाळ्यात पाणी येईल, गंज धरेल. साहेब माऊलीला नवीन पेटी आणायला सांगत होते, काचेची, भारीतलं कुलूप असलेली. माझं म्हणणं तुमच्यापाशी एवढंच आहे, आणि हे रागानंच म्हणतोय. वाचायचं नसेल तर पेटी लावू नका. ऐकायचं नसेल तर फट पाडू नका. माणूस फटीला तोंड लावतो तेव्हा पलीकडं कुणीतरी आहे असं धरून लावतो. मला उघडाच राहू द्या. मी गळेन, गंजेन, पण कुलपामागं पुन्हा बसवू नका.

कठडा झाल्यावर पहिल्या सोमवारी लीलाबाई एकट्याच आल्या. फळीवर मधेच थांबल्या. कठड्याला कंबर लावून बघितली, मग आपल्या कमरेच्या चार बोटं वर कठड्यावर हात धरला, दत्तोबांची उंची आठवत. बोटीवर आल्या, माझ्या मोडक्या झाकणावर हात ठेवला. तळहात आडवा धरायचं आता कारण नव्हतं, तरी धरला.

"बाबा, बसवला कठडा. खाटंवरनं रोज इचारत्यात, कसा हाय, कसा हाय. आज सांगते त्यास्नी." झाकण थोपटलं. "बराबर त्यांच्या हाताला येतो."