झिजलेलं पाऊल

ओबेरच्या बायकोची मरीयामाता उंचीला वीतभरही नव्हती. लग्नाच्या वर्षी त्याने ती हत्तीच्या उरलेल्या सुळ्यातून कोरली होती. सुळ्याला बाक होता म्हणून माताही एका अंगाला झुकलेली, आणि पाठीत एक करडी रेघ होती म्हणून तो तुकडा गिऱ्हाइकाने नाकारलेला. शेजारची धोबीण तिफेन तेव्हा एदलीनला म्हणाली होती, "अख्ख्या पॅरिसातल्या सरदारणींना देवी पुरवतो तुझा नवरा, आणि तुला खोडीचा तुकडा होय?"

एदलीन म्हणाली होती, "असू दे. कडेवर पोर घेतलं की बाई अशीच वाकते. सरदारणींची पोरं दाया वागवतात, त्यांना काय कळायचं!"

एदलीनच्या कडेवर पोर कधी आलं नाही. रोज उठल्यावर आणि निजताना ती मातेच्या हातातल्या बाळाच्या डाव्या पावलावर ओठ टेकवायची. वर्षं गेली तशी बोटं गेली, मग टाच गेली, आणि पाऊल नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं. ओबेर म्हणायचा, आण इकडे, नवी बोटं काढून देतो. ती द्यायची नाही.

ईस्टरच्या आधी, उपासाच्या दिवसांत तिच्या छातीत कफ भरला आणि ती गेली. तिला शेवटची आंघोळ तिफेननेच घातली, केस विंचरले, कफन शिवलं. ओबेर नुसता भिंतीला टेकून उभा होता. त्यानंतर तो काम करी, जेवी, झोपे. मूर्तीला मात्र हात लावत नसे. एदलीन आता कुठे असलीच तर त्या पावलावर आहे, असं त्याला वाटे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

उन्हाळा सरता सरता साथ आली. काखेत गाठ, ताप, की माणूस संपलंच. मेलेल्यांसाठी घंटा वाजवणं बंद केलं, नाहीतर ती कधी थांबलीच नसती. औषधं विकणारे सांगत होते की हस्तिदंताची पूड द्राक्षाच्या दारूतून दिली तर विष उतरतं. ओबेरच्या दुकानात जमिनीवर पडलेला कीस लोकांनी झाडून नेला. नवा सुळा येण्याची आशा नव्हती. सुरीच्या मुठींसाठी आणलेली बैलाची हाडं तेवढी टोपलीत उरली होती.

तिफेनचा नवरा साथीच्या सुरुवातीलाच गेला होता. आता तिची मुलगी पेरोनेल तापाने पडली. तिफेन भर दुपारी आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिला साधा कीस नको होता. पाद्र्याने पवित्र पाणी शिंपडलेल्या एदलीनच्या मरीयामातेचा हवा होता, आणि तोही त्या पावलाचा. इतक्या वर्षांची प्रार्थना तिथेच मुरली आहे, असं तिचं म्हणणं.

"जास्त नको, दादा. नखावर मावेल एवढा."

ओबेर म्हणाला, घरी जा, पोरीजवळ बस, मी घेऊन येतो.

त्याने मूर्ती मांडीवर घेतली आणि कानस पावलाला लावली. हात पुढे जाईना. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग त्याने टोपलीतलं एक हाड उचललं. हाड हस्तिदंत म्हणून विकणाऱ्याचा हात तोडावा, असं त्याचा बाप म्हणायचा, आणि ओबेरने उभ्या जन्मात साधं बटणसुद्धा तसं विकलं नव्हतं. त्याने हाड कानशीने घासलं. पूड पांढरी होती, दारूत कुणाला कळणार नव्हती. तो मनाशी म्हणाला, पुडीने काही होत नाही. अस्सल हस्तिदंत प्यालेले सरदारही त्याच खड्ड्यात गेले. ते खरंही होतं. पण हे त्याने तिफेनला सांगितलं नाही.

पेरोनेल ते प्यायली आणि तिने तोंड वाकडं केलं. म्हणाली, "ई, शेळीसारखं लागतंय." तिफेन किती दिवसांनी हसली. ओबेर हसला नाही.

सकाळी मुलगी गेली. मढी गोळा करणाऱ्या गाडीवाल्यांनी नेली.

तिफेन पुन्हा आली ती पावलाचं चुंबन घ्यायला. लेकीसाठी ज्यातून थोडं काढून दिलं, त्याला ओठ लावावेत, एवढंच तिचं मागणं होतं. ओबेरने मूर्ती तिच्या हातात दिली. तिने पावलावरून अंगठा फिरवला. कुठे ओरखडा नव्हता.

"कुठून काढलंत तेही कळत नाही," ती म्हणाली. "हातच तसा तुमचा."

तिने ओठ टेकले, मूर्ती परत दिली आणि निघाली. जाताना ती डावा हात अंगापासून लांब धरून चालत होती. अशी चाल आता गल्लीतल्या सगळ्यांना ओळखू येत होती.

या वेळी ओबेर विचार करत बसला नाही. त्याने कानस घेतली आणि पाऊल घोट्यापर्यंत घासून काढलं. तापलेल्या दातासारखा वास सुटला. कित्येक महिन्यांत तो वास दुकानात आला नव्हता. सगळी पूड दारूत ढवळून तो पेला घेऊन तिच्याकडे गेला.

तिफेन पेंढ्यावर पडली होती. तिने पेला बघितला आणि मान हलवली.

"नको, दादा. एदलीनच्या आठवणीची आणखी किती झीज कराल? पोरीला दिलंत तेव्हा काही हात राखून दिलं नव्हतंत. तिला गुण आला नाही, मला काय येणार?"

ओबेर पेला धरून उभा राहिला. गप्प राहिला असता तर ती त्याला चांगला म्हणतच मेली असती. पण मग ती प्यायली नसती.

"तिला दिलं ते बैलाचं हाड होतं," तो म्हणाला. "हे खरं आहे. हे पी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बाहेरून गाडी गेली, तिचा आवाज कोपऱ्यावर विरला, तरी ती बघतच होती.

"पाऊल द्यायला जीव धजला नाही?"

"नाही."

तिने चांगला हात पुढे केला आणि पेला घेतला. ती पिणार असं ओबेरला वाटलं. ती कुशीवर वळली. शेजारच्या पेंढ्यात मुलीच्या अंगाचा खळगा अजून तसाच होता. डोकं जिथे होतं तिथे तिने पेला हळूहळू रिता केला, आजारी पोराला पाजावं तसा.

"हे तिचं होतं," ती म्हणाली. "आता जा."

ओबेर गेला नाही, बाहेर उंबऱ्यावर बसला. एकदा आतून तिने पाणी मागितलं तेव्हा त्याने नेऊन दिलं. ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आतला श्वास थांबला.

तिला आंघोळ घालायला गल्लीत बाई उरली नव्हती. ओबेरने नदीवरून पाणी आणलं, तिचं तोंड धुतलं, हात धुतले. मग तिचीच फणी शोधून काढली. एदलीनच्या वेळी भिंतीपाशी उभं राहून जसं पाहिलं होतं तसंच तो करत होता. गाडीवाला दारातून सांगत होता, म्हातारबा, आटपा, खड्ड्यात कोण केस बघतंय. ओबेर म्हणाला, थांब. आणि गुंता सोडवत राहिला.