समोरून बोला

“फलाटाच्या टोकाला, बाकावर बसलेल्या दोन वेण्यांच्या प्रवाशाने आपला डबा संपवावा. डबा संपल्याशिवाय कोणतीही गाडी सुटणार नाही.”

कर्ण्यातून आलेला तो आवाज ऐकून सगळं बसस्थानक हसायचं. गाठोडी सांभाळणाऱ्या बाया हसायच्या, वाहक हसायचे, आणि दोन वेण्यांचा प्रवासी मान खाली घालून भराभर घास गिळायचा. आई गेल्यापासून शाळा सुटली की ती थेट तिथेच यायची. बाबांची खोली वर, जिन्याच्या डोक्यावर, चारी बाजूंनी काचेची. खाली इंजिनांचा घरघराट, धूर, धक्काबुक्की, आणि त्या सगळ्यावर छत्रीसारखा धरलेला बाबांचा आवाज. आली गाडी, गेली गाडी. कोण चुकलं, कोणाचं काय हरवलं, कोण कोणाची वाट बघतंय, सगळं त्या आवाजाला ठाऊक. ती मनाशी म्हणायची, हा आवाज आहे तोवर कोणी हरवायचं नाही.

मोठी होऊन ती कानांची झाली. म्हणजे लोकांचे कान तपासणारी, कोणाला किती ऐकू येतं ते बघून कानामागे मशीन बसवून देणारी. मित्रमंडळी तिला कानवाली म्हणत. मंडळींत एक दातांचा डॉक्टर होता, त्याचं नाव दाढ पडलं होतं. एक शाळेतली बाई होती, आणखी चार-पाच जण होते. नोकऱ्या नव्या, पगार बेताचे, उत्साह उतू जाणारा. दर शनिवारी ते शहराच्या कडेच्या वस्तीतल्या शाळेचा एक वर्ग मागून घ्यायचे. एका बाकावर दात, एका बाकावर कान, आणि फळ्याजवळ बाईंची शिकवणी.

कानाच्या बाकावर मदतीला बसणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशीच पढवून ठेवायची. मागून बोलायचं नाही, समोर यायचं. उजेड आपल्या तोंडावर घ्यायचा. हाताने ओठ झाकायचे नाहीत, घास चघळत बोलायचं नाही, दुसऱ्या खोलीतून हाक तर मुळीच मारायची नाही. ओरडायचं नाही, नीट बोलायचं. हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की दूधवाल्याशीसुद्धा ती तशीच बोलायची. दाढ म्हणायचा, हिच्याशी भांडायची सोय नाही, ही शिवीसुद्धा समोर येऊन, उजेडात उभी राहून, सुटी सुटी करून देते.

गेलं वर्षभर या सगळ्यांनी एक ध्यास घेतला होता. समुद्रापलीकडे, डोंगरांच्या घडीत, ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा होती. मशीनं तिथे कोणीतरी पाठवली होती. ती खोक्यांतच पडून होती, कारण बसवणारं माणूस नव्हतं. मशीन बसवायचं तर आधी कानाचा साचा घ्यावा लागतो: मऊ गुलाबी लगदा कानात भरायचा, तो घट्ट होऊ द्यायचा, अलगद काढायचा. एकाचा साचा दुसऱ्याला चालत नाही. मंडळींत हे काम तिला एकटीलाच येत होतं. बाकीचे दात बघणार होते, वर्ग रंगवणार होते, मुलांशी खेळणार होते; पण ती नसेल तर एवढ्या लांब जाण्यात काही अर्थ नव्हता, आणि हे सगळेच जाणून होते.

त्यासाठी त्यांनी सुटीच्या दिवशी लोकांच्या गाड्या धुतल्या, केक भाजून विकले, आपापल्या साहेबांच्या नाकदुऱ्या काढल्या. दाढेचं म्हणणं असं की दात उपटण्यापेक्षा खिशातून पैसे उपटणं अवघड, कारण तिथे भूल देता येत नाही. तिकिटांपुरतं जमलं, साहित्याचं राहिलं. तेव्हा शाळेतल्या बाईंनी सुचवलं की शाळेच्या सभागृहात एक कार्यक्रम करू. आवाजांचा. करवत, शिवणयंत्र, पाणी, पावलं. रोजचेच आवाज, पण लोकांनी मुद्दाम येऊन, गप्प बसून ऐकायचे. कान म्हणजे काय ते त्यांचं त्यांनाच कळेल.

निवेदक कोण, हा प्रश्नच नव्हता. बाबांनी ताबडतोब होकार दिला. निवृत्त होऊन वर्षं लोटली होती, तरी भाजीवालीसुद्धा त्यांना आवाजावरून ओळखायची. कार्यक्रम जवळ आल्यावर दाढेला आणखी एक कल्पना सुचली: सगळे दिवे बंद ठेवायचे. अंधारात कान उघडतात. सगळ्यांनी ती उचलून धरली. फक्त बाबा म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला अंधारात कशाला उभं करता? ते थट्टा करताहेत असं वाटून सगळे हसले. एक आवाज संपला की ती बाजूला छोटी घंटी वाजवेल, मग बाबांनी पुढचं सांगायचं, असं ठरलं. “घंटी कशाला, हात लाव ना,” बाबा म्हणाले. तिने ते कानाआड केलं. तिला पाहुण्यांच्या खुर्च्यांची काळजी होती.

सभागृह भरलं. दिवे गेले. बाबांनी चपला काढल्या आणि ते अनवाणी पायांनी मंचाच्या फळ्यांवर उभे राहिले; सवय असेल, असं तिला वाटलं. खाकरून त्यांनी सुरुवात केली तसा अंधार नुसता सुखावला. करवत चालली, थांबली, घंटी वाजली, बाबांनी शिवणयंत्राला बोलावलं. शिवणयंत्र धडधडलं, थांबलं, घंटी वाजली, बाबांनी कात्रीला बोलावलं. शाळेतल्या बाई जाड कागदातून कात्री चालवत होत्या, आणि सगळं सभागृह त्या चर्रचर्र आवाजापाशी श्वास धरून बसलं होतं. कात्री थांबली. तिने घंटी वाजवली.

बाबा बोलले नाहीत.

तिने पुन्हा वाजवली. लोकांना वाटलं, हा थांबाही कार्यक्रमातलाच. ती पुढे सरकली, बाबांच्या खांद्यामागे उभी राहून तिने हळूच पुढचं नाव सांगितलं, बाबा, पाणी. पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. बाबा तसेच ताठ, शांत, वाट बघत. मग तिने त्यांच्या दंडाला हात लावला, तसे ते दचकले आणि भारदस्त आवाजात त्यांनी कात्रीला परत बोलावलं. लोक हसले.

ती बाबांच्या समोर गेली, खिशातून फोन काढला, त्याचा बारीक दिवा लावून हनुवटीखाली धरला. लोकांना शिकवलेलं तिने स्वतः केलं: उजेड तोंडावर घेतला. आणि मग तिने एक असं केलं जे तिने कोणालाच शिकवलं नव्हतं. तिने आवाज बंद ठेवला. नुसते ओठ हलवले. पाणी.

“आता येत आहे पाणी,” बाबा तत्काळ म्हणाले. “उंचावरून निघालेलं पाणी, घागरीत उतरत आहे.”

उरलेला सगळा कार्यक्रम तिने तसाच पार पाडला, बिनआवाजाचा, हनुवटीखाली दिवा धरून. एकही आवाज तिने गाळला नाही. शेवटी दिवे लागले, टाळ्या झाल्या, दारातल्या पेटीत लोकांनी सढळ हाताने टाकलं, आणि दाढ तिला म्हणाला, कानवाले, जमलं गं. तिने मान हलवली.

घरी आत्याने दार उघडलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई गेल्यावर आली ती राहिलीच. तिला जुळवून बोलायची खोड होती, रागावतानाही यमक सुटायचं नाही. भाचीचा चेहरा बघून ती समजली. बाबा पाय धुवायला गेले तसं तिने हात ओवाळल्यासारखं करून म्हटलं,

“भाऊ माझा बोलका, बोलून गाव जागवला,
ऐकायाची वेळ आली, हसून दिवस भागवला.”

मग सरळ बोलली. भाजीवालीला ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक, वाण्याला ठाऊक. बातम्या आवाज बंद करून बघतो, म्हणतो डोकं दुखतं. फोन वाजला की माझ्या हातात देतो. एकटी तूच राहिली होतीस. “सगळे त्याला मागून हाका मारतात, म्हणून सगळ्यांना कळलं,” आत्या म्हणाली. “तू बाई समोर येऊन बोलतेस. तुझ्यापुढे तो बहिरा होतच नाही.”

ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. करवत आणि शिवणयंत्र थांबल्याचं बाबांना अनवाणी पायांखालच्या फळ्यांवरून कळलं होतं; कात्री फळ्यांना हलवत नव्हती. दुसऱ्या खोलीतून तिने बाबांना शेवटची हाक कधी मारली होती ते तिला आठवेना. शिक्षण चालू असताना एकदा तिने त्यांचे कान तपासले होते, तेव्हा ठणठणीत होते. पुढे कधी शंका आली नाही. शंका यायला जागाच ठेवली नव्हती, इतकं नीट ती बोलत होती. आत्याने सांगितलं की बाबांनी आपल्याकडून वचन घेतलं होतं: पोरगी जाऊन येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तिला कळलं तर ती जायची राहील.

तिने डोळे पुसले, काही आडपडदा न ठेवता सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, उद्या सकाळी तपासणीला चला.

बाबांनी हात झटकला. आधी जाऊन ये, मग बघू. ऐकू येतंय मला. हॉलमध्ये अंधार होता, बुवा, गोंधळलो. तिने पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा टोलवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ती चहा देताना सांगे, चपला घालताना सांगे. बाबा वर्तमानपत्राची भिंत उभी करत, ती वर्तमानपत्र खाली करी. आपला हट्ट आपण कुठून आणला ते तिला त्या दिवसांत नीटच कळलं. इकडे सामान बांधायला सुरुवात झाली होती. साच्याच्या लगद्याचे डबे तिच्या पलंगाखाली येऊन बसले होते. दाढ समजावायला आला. काका, तुमच्या दातांचं असतं तर मी पकडून बसवलं असतं, म्हणाला. बाबांनी त्याला सगळं ऐकल्यासारखं हसून चहा पाजला.

शेवटी ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला वाटतं कळल्यावर मी जाणार नाही. उलट आहे. तुम्ही त्या खोलीत बसलात तर मी जाईन. नाही बसलात तर तिकीट परत करते. परक्या पोरांचे कान बघायला जाऊ, आणि घरचे तसेच ठेवू?”

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठून इस्त्रीचा शर्ट शोधू लागले.

तिच्या दवाखान्यातली तपासणीची खोली कपाटाएवढी होती. भिंतींना जाड स्पंज, दार बंद झालं की बाहेरचं जग बाहेर. मध्ये एक काच. काचेच्या आत बाबा, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर ती, तिच्यापुढे यंत्र. आतल्या माणसाचा आवाज माइकमधून तिच्या हेडफोनवर यायचा. तिने समजावून सांगितलं: शिट्टीसारखा सूर येईल, कितीही बारीक असो, ऐकू आला की बटण दाबायचं. दाबलं की बाहेर तिच्या यंत्रावर दिवा लागायचा.

ती सूर सोडी, बाबा बटण दाबत. खालचा सूर, दाबलं. वरचा सूर, दाबलं. अगदी चिमणीच्या श्वासाएवढा सूर, तरी दाबलं. ती चकित झाली, क्षणभर आशाही वाटली. मग तिचं लक्ष गेलं. बाबा काचेतून तिच्या खांद्याकडे बघत होते. तिचा हात कळीकडे गेला की खांदा हलायचा, आणि खांदा हलला की बाबा दाबायचे. काचेच्या खोलीतून आयुष्यभर गाड्यांवर नजर ठेवलेला माणूस. चालक कधी निघणार ते खांद्यावरून ओळखायचा.

तिने स्वतःचा पांढरा कोट काढला आणि काचेवर टांगला.

आता तिला बाबा दिसत नव्हते, बाबांना ती. तिने पहिल्यापासून सुरू केलं. जाड, खालच्या सुरांना दिवा लागला. मधल्यांना उशिरा, मोठे केल्यावर. वरच्या सुरांना लागलाच नाही. ती वाढवत गेली, थांबली, परत वाढवत गेली, एकही सूर न गाळता, जसं कोणाचंही केलं असतं तसं. दिवा विझलेलाच राहिला.

मग तिच्या हेडफोनमध्ये कोणीतरी खाकरलं. ते खाकरणं ती फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायची.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. समुद्रापलीकडे जाणारी गाडी ठरल्या वेळी सुटेल. उद्घोषकाला ऐकू येत नाही, या कारणाने कोणतीही गाडी रद्द होणार नाही. दोन वेण्यांच्या प्रवाशाने याची नोंद घ्यावी.”

तिने तोंडावर हात धरला. इथे तो चालत होता, कोणी ओठ बघत नव्हतं.

त्यानंतर जो आवाज आला तो कर्ण्यातला नव्हता, घरातला होता, जरा चाचपडणारा.

“पोरी, तू काय बोलतेस ते मला सगळं दिसतं गं. एक शब्द चुकत नाही. पण तुझा आवाज कसा आहे, ते मी विसरलोय. मशीन लाव. जायच्या आधी मला तो ऐकायचाय.”