पाहुण्यांसाठी आणलेला कागद

खट्ट करून काहीतरी निसटलं आणि दुपारची सामसूम मोडली. बाथरूमच्या भिंतीवर कालच बसवलेल्या दांडीची स्प्रिंग उडाली होती, आणि पांढरा रोल आपली शेपटी मागे सोडत पॅसेजभर घरंगळत गेला होता. दर्शना गुडघ्यांवर बसून तो घाईघाईने गुंडाळू लागली. सासूबाईंची झोप मोडायला नको होती. पण ती मोडलीच.

"ह्यां काय गो?" अंबिकाबाई दाराशी उभ्या होत्या. "नळाचा पाणी गेला काय?"

"नाही हो आई. पाहुण्यांसाठी आहे."

"पाव्हणे पाणी वापरनत नाय?"

दर्शनाला हसू आलं आणि रागही आला. काल निलेशनेही हेच ऐकवलं होतं. "जन्म गेला चाळीच्या सामायिक संडासापुढे बादली घेऊन रांग लावण्यात," तो म्हणाला होता, "आता कुठे घरात चोवीस तास पाणी आलं, तर बायकोने कागद आणला!"

त्या दोघांना काय सांगणार? लालबागची जुनी चाळ पाडून तिथे दोन इमारती उभ्या राहिल्या होत्या. एक बुटकी, जुन्या भाडेकरूंची, आणि एक चाळीस मजली, विकतच्या फ्लॅटांची. मध्ये छोटी बाग. त्या बागेत दर्शनाच्या मनवाची आणि टॉवरमधल्या सम्यकची गट्टी जमली, आणि सम्यकच्या आईने, श्रेयाने, दर्शनाला आपल्या 'हिरवं घर' नावाच्या गटात ओढलं. महिन्यातून एकदा कुणा एकीच्या घरी चार जणी जमायच्या आणि कचरा, प्लास्टिक, साबण असल्या गोष्टींवर बोलायच्या. बुटक्या इमारतीतली दर्शना एकटीच.

गेल्या महिन्यात विषय निघाला टिश्यूचा. एकदा नाक पुसायला अख्खं झाड का तोडायचं, असं रुचा म्हणाली, आणि मग प्रत्येकीने आपल्या घरी कुठला कागद येतो ते सांगितलं. दर्शनाची पाळी आली. "आमच्याकडे बांबूचाच असतो," ती म्हणून गेली. तिच्या घरी कागद होता तो जुन्या वर्तमानपत्रांचा. पण बोलून बसली, आणि पुढची बैठक नेमकी तिच्याच घरी ठरली.

मग पंधरा दिवस, मनवा झोपली की, ती मोबाइलवर पाकिटांची मागची बाजू वाचत बसली. रद्दीपासून केलेला कागद चांगला, पण करडा आणि खरखरीत. बांबूचा मऊ, पण बांबू येतो परदेशातून, म्हणजे जहाजाचा धूर आलाच. एकावर पानाचं चित्र होतं, पण आतला प्रत्येक रोल प्लास्टिकमध्ये वेगळा बांधलेला. खरं सांगायचं तर वाचता वाचता तिला त्यात रस वाटू लागला होता. शेवटी तिने क्लोरीन न वापरलेला, पुठ्ठ्याच्या खोक्यात येणारा बांबूचा कागद निवडला. सहा रोल आणि टिश्यूचे दोन डबे. बाथरूममध्ये फळी नव्हती, म्हणून उरलेले पाच रोल स्वयंपाकघरातल्या कपाटात गेले.

"ह्याच्यात औषध नाही, रंग नाही, काही नाही," दुपारी ते रोल कपाटात ठेवताना तिने सासूबाईंना सांगितलं. "आपल्या घरात ह्याच्याइतका शुद्ध कागद दुसरा नाही, आई. आणि आज वडे वर्तमानपत्रावर काढू नका हं. शाई उतरते."

"मगे फडक्यावर काढतंय."

"फडकी तर नकोतच!"

फडकी म्हणजे अंबिकाबाईंच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोन. कडा हाताने दुमडून शिवलेले, धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले. त्या घरात हात, ताट, मनवाचं नाक, सगळं वेगवेगळ्या फडक्यांनी पुसलं जायचं. दर्शनाने ती सगळी एका पिशवीत कोंबली आणि पिशवी वॉशिंग मशीनच्या मागे ढकलली. अंबिकाबाई बघत होत्या.

पाचला पाहुण्या आल्या. श्रेया सम्यकला घेऊन, पाठोपाठ रुचा आणि तिची जाऊ. "तू पण बाहेर बसा ना आई" असं दर्शनाने आधी एकदा म्हटलं होतं, अर्धवट, तू आणि तुम्हीचा घोळ घालत. "मी हयच बरी," अंबिकाबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्यो गजाली इंग्लिशातल्यो." दर्शनाने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. तिला हायसं वाटलं होतं, हे तिचं तिला नंतर आठवायचं होतं.

गप्पा रंगल्या. रुचा बाथरूममध्ये जाऊन आली आणि भुवया उंचावून म्हणाली, "अरे वा, दर्शना! सॉलिड!" दर्शना फुलून गेली. स्वयंपाकघरातून वड्यांचा खमंग वास येत होता. तेवढ्यात अंबिकाबाई ताट घेऊन आल्या. साडीचा पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम. ताटात टम्म फुगलेले वडे आणि वाटीत काळ्या वाटाण्याचं सांबारं.

रुचाने वडा उचलला. त्याच्याबरोबर पांढऱ्या कागदाची एक लांब पट्टीच वर आली. तेलाने ओली, ठरावीक अंतरावर भोकांची ओळ असलेली.

"अय्या," रुचा म्हणाली, "हा टॉयलेट रोल आहे!"

मग रुचाच्या जावेला हसू फुटलं, आणि तिच्यामागोमाग सगळ्याच हसल्या. तशा दुष्ट नव्हत्या त्या. हसण्यासारखंच होतं. रोल कपाटातला होता, कोरा, कुणी हात न लावलेला. वर्तमानपत्र नको, फडकं नको, मग घरातला सगळ्यात शुद्ध कागद कुठला, ते सुनेनेच सांगितलं होतं. पण हे दर्शनाला नंतर सुचलं. तेव्हा फक्त कानशिलं तापली होती.

"ह्या कोण गं?" श्रेयाने सहज विचारलं.

"स्वयंपाकाच्या बाई," दर्शना म्हणाली. "नव्याच आहेत. त्यांना माहीत नव्हतं."

फरशीवर सम्यकबरोबर ठोकळे रचत बसलेल्या मनवाने मान वर केली. "ती तर माझी—"

"मनवा," अंबिकाबाई चटकन म्हणाल्या, "जा बाळा, हात धुऊन ये." आणि दर्शनाकडे वळून, मालवणीचा लवलेश नसलेल्या मराठीत म्हणाल्या, "चुकलं ताई. दुसरे काढून आणते."

ताई. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर अंबिकाबाईंनी नऊ वर्षं दादरला दोन घरी स्वयंपाक केला होता. त्यावर निलेशचं शिक्षण झालं. ही भाषा, हा आवाज, ही खाली झुकलेली मान तिथली होती. लग्नानंतरच्या आठ वर्षांत दर्शनाने ती कधी पाहिली नव्हती. अंबिकाबाईंनी ती घराबाहेरच सोडून दिली होती.

दुसरे वडे आले, केळीच्या पानावर. फुलपुडीला गुंडाळून आलेलं पान असावं. सगळ्यांनी पोटभर खाल्ले. जाताना श्रेया दाराशी घुटमळली आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली, "बाई, सकाळच्या मोकळ्या असता का हो? मला कुणीतरी हवंच आहे. हात काय आहे तुमचा!"

आता सांगावं. आत्ता, चप्पल घालेपर्यंत. 'अगं, ह्या माझ्या सासूबाई,' एवढंच तर वाक्य. दर्शनाच्या ओठांवर ते आलंही.

"नाही हो," अंबिकाबाई आतून म्हणाल्या. "मी इथे पूर्ण दिवसाची आहे."

दार लागलं. दर्शना स्वयंपाकघरात गेली. अंबिकाबाई पाठमोऱ्या उभ्या राहून कढई घासत होत्या.

"आई..."

"त्या पोरान चार वडे खाल्ले गो."

"आई, माझ्या तोंडातून निघून गेलं. मला असं..."

"सांबाऱ्यात मीठ बरोबर होतां मा?"

"हो."

"मगे झाला तर."

दर्शनाने त्यांच्या हातातली घासणी घ्यायला हात पुढे केला. अंबिकाबाईंनी ती दिली नाही. रागाने नव्हे. हात जरासा बाजूला घेतला, एवढंच. दर्शनाला वाटलं, एखादी शिवी दिली असती, भांडं आपटलं असतं, निलेशला फोन लावला असता, तर पायाशी बसून रडता तरी आलं असतं. पण त्या कढईची काळी कड घासत राहिल्या, जणू दुसऱ्याच्या घरातली कढई होती ती, लख्ख करूनच ठेवायला हवी.

मनवा कधी येऊन उंबऱ्याशी उभी राहिली ते कळलं नाही. तिने आधी आजीच्या पाठीकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. तिला रडू येत नव्हतं, ती रुसलीही नव्हती. तिला फक्त नीट समजून घ्यायचं होतं, चूक होऊ नये म्हणून.

"आई, उद्या बागेत सम्यकने विचारलं, तर आजी माझी कोण म्हणून सांगू?"