चौकटीतली फुली

गुरुवारी सकाळी मठाच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवगावच्या आसपासच्या पाच-सहा गावांतून माणसं ट्रॅक्टरने, टेम्पोने आली होती. देव्हाऱ्याशेजारी, झेंडूचा हार घातलेल्या टेबलावर, कॉम्प्युटर ठेवला होता. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली आमच्याकडे कॉम्प्युटर पाहिलेली माणसं थोडी होती, त्याला नमस्कार करणारी मात्र पुष्कळ.

चमत्कार असा होता. कारभारी महाराजांच्या सप्ताहाची पत्रिका त्यांच्या पट्टशिष्याने, हर्षलने, मठातल्या कॉम्प्युटरवर तयार केली. मधोमध महाराजांचा फोटो. ती फ्लॉपीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या चपट्या तबकडीवर, उतरवून छापण्यासाठी शेवगावात आप्पासाहेबांच्या टायपिंग सेंटरवर गेली. तिथं काम करणाऱ्या यशोधराने ती उघडली, तर मजकूर सगळा जागेवर आणि फोटो गायब! नुसती रिकामी चौकट आणि तिच्यात लाल फुली. फ्लॉपी मठात परत आणली की फोटो हजर. तीनदा नेली, तीनदा तेच.

महाराज डोळे मिटून एवढंच म्हणाले होते, "यंत्राला दोष दिऊ नगा. हात कुनाचे हायेत ते बघा."

यशोधरा बौद्ध कुटुंबातली. तिचे वडील कोंडीराम बाजार समितीत हमाल. महाराजांनी जातीचं नाव घेतलं नाही. त्यांना ते घ्यावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेबांनी कीबोर्डवर गोमूत्र शिंपडलं, त्यात 'क'चं बटण अडकून बसलं. फ्लॉपीला हळदीकुंकू लावून आत सारली, तर ड्राइव्ह घरघरायला लागला. तोही दोष तिच्याच माथी. लग्नपत्रिका करायला आलेली माणसं "हिच्या हातनं नगं" म्हणून परत जाऊ लागली. शेवटी आप्पासाहेबांनी तिला सांगितलं, "गुरुवारी महाराज मठात समद्यांम्होरं ह्यो चमत्कार दाखिवणार हायेत, काय हुतंय बघू. न्हाईतर पोरी, तू दुसरं काम बघ."

यशोधरा माझी जुनी विद्यार्थिनी. ती घरी आली तेव्हा, खरं सांगतो, मला खुर्चीतून उठायचाही कंटाळा आला. बावीस वर्षं मी विज्ञान शिकवत होतो आणि फावल्या वेळात बाबा उघडे पाडत होतो. पाण्याने पेटणारा दिवा झाला, लिंबातलं रक्त झालं, नारळातली करणी झाली. एकाचं बिंग फोडावं, तर पुढच्या गावात दुसरा नारळ फोडून तयार. त्यात कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

"सर, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा," ती म्हणाली. "तुमचं ऐकतात असं नाही, पण तुम्हाला हाकलून देत नाहीत."

म्हणून मी मंडपात उभा होतो. महाराज रंगात आले होते. "आमी सूक्ष्म देहानं वायरीतून संचार करतो! शुद्ध जागी प्रकट हुतो, अशुद्ध जागी अंतर्धान पावतो!" तेवढ्यात लाइट गेली. मग ती येईपर्यंत अर्धा तास सूक्ष्म देहासकट सगळे घाम पुसत बसून राहिले.

लाइट आली. हर्षलने पत्रिका उघडली, फोटो दिसला, जयजयकार झाला.

यशोधरा पुढे झाली. दोन्ही हात तिने पाठीमागे बांधले होते. "मी कशालाच हात लावत नाही. फक्त विचारते. हर्षलदादा, महाराजांचा मूळ फोटो ह्या कॉम्प्युटरमध्ये कुठं ठेवलाय?"

"महाराज नावाच्या कप्प्यात."

"नुसतं महाराज? त्याला श्री लावला नाही?"

मग पुढे बसलेल्या लंकाबाई कडाडल्या, "आरं, आमी गोठ्याच्या दारालाबी श्री लिवतो! आन महाराजांस्नी नुसतं महाराज?"

"लावू की आजी, मागनं लावू," हर्षल म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. ह्याला खरी गोम ठाऊक आहे आणि महाराजांना नाही, हे मला तेव्हाच कळलं.

"मागनं कशाला? आत्ताच लाव!" महाराजांनीच हुकूम सोडला.

हर्षलने पत्रिका बंद केली. स्वतःच्या, कुणाचीही हरकत नसलेल्या हाताने त्याने कप्प्याचं नाव बदललं, श्री लावला आणि पत्रिका पुन्हा उघडली. रिकामी चौकट. लाल फुली. देव्हाऱ्याच्या शेजारी, पट्टशिष्याच्या हातून!

"कुनाची तरी नदर लागली," महाराज पुटपुटले.

"श्री काढून बघा," यशोधरा म्हणाली. हर्षलने श्री काढला. फोटो परत आला.

"म्हंजी श्री लावला की महाराज पळत्यात व्हय?" लंकाबाईंनी विचारलं, आणि मंडप हसला.

यशोधराने समजावलं. फोटो पत्रिकेत नव्हताच. एवढा मोठा फोटो फ्लॉपीत मावत नाही, म्हणून पत्रिकेत फक्त त्याचा पत्ता ठेवलेला. पत्रिका उघडली की कॉम्प्युटर त्या पत्त्यावर जातो आणि फोटो आणून दाखवतो. शेवगावला फ्लॉपी आली ती नुसता पत्ता घेऊन. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये तो कप्पाच नाही, तर फोटो येणार कुठून? कप्प्याचं नाव बदललं की इथंही तीच गत.

"खरंच की," लंकाबाई म्हणाल्या. "चिठ्ठीवर शेवगावचं घर लिवायचं आन पाथर्डीत हुडकायचं. घावंल कसं?"

हर्षल खाली मान घालून म्हणाला, "मला दुसऱ्याच दिशी कळलं हुतं. पन तवर महाराज बोलून गेल्ते."

मग मी पुढे झालो. फार बोललो नाही, दम नव्हता. म्हणालो, बाबांनो, यंत्र अडलं तर यंत्र तपासा. एक गोष्ट बदलून बघा, परत होती तशी करून बघा, कारण आपोआप समोर येईल. माणसाची जात बघून आजवर एक यंत्र दुरुस्त झालेलं नाही. काहींनी माना हलवल्या. बरेचसे प्रसादाच्या रांगेत गेले. सप्ताह ठरल्याप्रमाणे होणारच होता.

दोन दिवसांनी हर्षलने फोटो लहान करून पत्रिकेतच बसवला आणि फ्लॉपी शेवगावला आणली. यशोधराने ती आपल्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली, उघडली. महाराज चौकटीत जागच्या जागी होते. तिने पत्रिका छापून दिली.

"झालं गेलं इसर, पोरी," आप्पासाहेब म्हणाले. "तुझं काम हाय तसं चालू ठेव."

उतरवून घेतलेली पत्रिका तिने पुन्हा उघडली, महाराजांच्या फोटोवर क्लिक केलं आणि एक बटण दाबलं. पडद्यावर नुसता मजकूर उरला.

"आता गेला," ती म्हणाली. "आता माझ्या हाताने गेला."