मागच्या दाराची गिऱ्हाइके

खोट्याने खऱ्याचा घात होतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु कधी कधी खरी माणसेच खऱ्याच्या साहाय्यासाठी किंचित खोटी होतात, आणि तेवढ्याने त्यांचे उभे आयुष्य खोट्यात जमा होते. अशा वेळी दोष कोणाच्या पदरी घालावा, हे सांगणे कठीण. मोजणाऱ्याचे चुकलेले नसते, मोजले गेलेल्यांच्या मनात पाप नसते. आणि तरीही कोणाचे तरी दुकान उठते.

“ताई, माणसं मोजणारा हा डोळा इथंच बसवावा लागेल,” शिडीवर उभी असलेली पाहणीवाली मुलगी म्हणाली. “आत येणारा प्रत्येक माणूस याच्या खालून गेला पाहिजे.”

“बसव गं बाई. पण पडू नकोस. तुला काही झालं तर तेही माझ्याच नावावर मांडतील.”

मुलगी हसली. शिडी धरून उभ्या असलेल्या वहिनी मात्र हसल्या नाहीत. बटणे, दोरे, अस्तरे, हुक आणि चेन विकणाऱ्या या बाईंना सारी गल्ली वहिनी म्हणत असे. त्यांचे यजमान हयात असताना आसपासच्या सर्व शिंप्यांचे थोरले भाऊ होते. ते गेले, पण नाते मागे राहिले.

गल्लीच्या टोकाला जुने क्रीडागार पाडून नवे, प्रचंड क्रीडागार उभे राहिले होते. आता भोवतालच्या इमारतींची पाळी होती. तेथे रुंद पदपथ होणार होते, काचेची दुकाने होणार होती. सामना असेल त्या दिवशी गर्दीला तोटा नव्हता. प्रश्न उरलेल्या दिवसांचा होता. म्हणून पुनर्विकास मंडळाने असे ठरवले, की ज्या जुन्या दुकानात रोजची वर्दळ आहे, त्यालाच नव्या इमारतीच्या तळमजल्यावर जागा मिळेल. बाकीच्यांनी भरपाई घेऊन आपला मार्ग धरावा. विचार वरकरणी न्याय्यच होता.

वहिनींच्या लेकीला भरपाईच बरी वाटत होती. “आई, बटणं विकून कोण मोठं झालंय? ये की माझ्याकडे राहायला.”

“तुझ्याकडे येऊन करू काय? खिडकीत बसू?”

“इथं तरी काय करतेस? गल्ल्यामागंच बसतेस ना?”

येथे दिवसभर कोणी ना कोणी वहिनींना हाक मारत असे. त्या हाकांवरच त्यांचे वैधव्य तरले होते, हे पोटच्या मुलीला सांगावे तरी कसे?

खरी अडचण निराळीच होती. दुकानाच्या मागील भिंतीला एक दार होते. पलीकडच्या बोळात शिंप्यांच्या कार्यशाळा होत्या. वळसा घालून येण्यात त्यांचा वेळ जातो, म्हणून यजमानांनी एके काळी कोणालाही न विचारता ती भिंत फोडून घेतली होती. तेव्हापासून शिंपी मागूनच येत. गळ्यात मोजपट्टी, कानावर खडूचा तुकडा, अशा अवस्थेत आत शिरून स्वतःच्या हाताने खण उघडत, चहाचे आधण ठेवत, घेतलेल्या मालाचे नाव मोठ्याने सांगून निघून जात. पुढच्या दाराने येई तो परका. दुकान चालत होते ते मागच्या दारावर. आणि डोळा बसला होता पुढच्या.

“अगं, असाच एक मागं नाही का बसवता येणार?” वहिनींनी हळूच विचारले.

मुलीने नकाशा पाहिला. “मागं भिंत आहे ना, ताई?”

विनापरवाना दार म्हणजे जागेवरचा हक्कच गेला. “हो,” त्या म्हणाल्या. “भिंतच आहे. सहज विचारलं.”

त्या सायंकाळी त्यांनी मास्तरांना गाठले. मास्तर म्हणजे शिंप्यांमधील ज्येष्ठ. कोट शिवण्यात साऱ्या पेठेत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

“मास्तर, पाहणी संपेपर्यंत सगळ्यांना पुढच्या दारानं यायला सांगा.”

“पुढच्या दारानं?” मास्तर खजील झाले. “वहिनी, कसंसंच वाटेल हो. पाहुण्यासारखं.”

“वाटू दे. आज पाहुणे व्हाल तर उद्या घरात राहाल.”

“मग बघाच तुम्ही,” मास्तर छाती पुढे काढून म्हणाले. “रांग लावतो. नाही लावली तर कात्री हातात धरणार नाही.”

दुसऱ्या दिवशी शिंपी पुढच्या दाराने येऊ लागले. प्रारंभी ते उंबऱ्यापाशी घुटमळत, खाकरत, ‘येऊ का?’ म्हणून विचारत. मास्तरांकडचा इस्त्रीवाला तर केस विंचरून आला होता. रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून बसलेली ती मुलगी डोळ्यांत तेल घालून पाहत होती. वहिनींचा जीव थोडा भांड्यात पडला.

परंतु मास्तरांचे समाधान होईना. थोड्या वेळाने ते पुन्हा आले. “एक हुक द्या.”

“आत्ताच तर नेलेत.”

“ती जोडी होती. हा सुटा.”

हुक घेऊन मास्तर मागच्या दाराने निसटले, आणि बोळाला वळसा घालून पुन्हा पुढे हजर झाले. आता डोक्यावर टोपी होती. त्यांच्या पाठोपाठ दुसरे आले, तिसरे आले. पुढून शिरावे, मागून सुटावे, पुन्हा पुढून शिरावे, असे चक्रच सुरू झाले. शेवटी इस्त्रीवाला कोणा बड्या गिऱ्हाइकाचा अर्धवट शिवलेला कोट चढवून आला. एक बाही दंडापाशी लोंबत होती, पाठीवर पांढरे कच्चे टाके लखलखत होते, आणि तो मोठ्या रुबाबात म्हणाला, “बाई, रेशमी दोरा दाखवा. भारीतला!”

वहिनींनी त्याला थांबवायला हवे होते. परंतु त्या बाहीकडे त्यांची नजर गेली आणि त्यांना हसू फुटले. पदर तोंडाला लावूनही आवरेना. यजमान गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. ते हसू पाहून शिंप्यांना अधिकच चेव आला. ज्या प्रेमाने ती माणसे त्यांच्यासाठी सोंगे घेऊन धावत होती, त्या प्रेमाला ‘पुरे’ म्हणण्याचे बळ त्यांना झाले नाही. पाहणी संपेपर्यंत हे असेच चालले.

निकाल ऐकण्यासाठी वहिनींना मंडळाच्या कार्यालयात बोलावणे आले. लेक बरोबर होती. अधिकारी सौजन्याने बोलत होता. त्याने खुर्ची दिली, पाणीही विचारले.

“तुमच्याकडे वर्दळ जवळजवळ नाहीच, बाई.”

“नाही कशी? दारात रीघ लागली होती!”

“दिसली ना. पण यंत्र चेहरे लक्षात ठेवतं. एकच माणूस दिवसात पुन्हा पुन्हा आत यायला लागला, की यंत्र त्याला गिऱ्हाईक धरत नाही. दुकानातला नोकर नाहीतर घरचा माणूस समजून वगळतं.” त्याने कागद उलटला. “तुमचे सगळेच वगळले गेलेत. उरले ते रस्ता विचारायला आलेले.”

वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या.

“घरचीच आहेत ती,” त्या म्हणाल्या. “यंत्राचं काही चुकलं नाही. पण साहेब, माल तीच नेतात. रोज. ती मागच्या दारानं...”

“आई!” लेकीने त्यांचा हात दाबला.

अधिकाऱ्याने नकाशा उलगडला, आणि पुन्हा त्याची घडी घातली. “मागं दार नाही, बाई. असतं, तर मला आणखी कठोर लिहावं लागलं असतं. हा बनाव होता, असंही मी लिहिलेलं नाही. या मुलीनंच तशी विनंती केली.”

कोपऱ्यात उभ्या असलेल्या पाहणीवाल्या मुलीने मान खाली घातली.

“मग त्या जागी काय येणार?” वहिनींनी विचारले.

“क्रीडागारातल्या संघाच्या सदऱ्यांचं दुकान. तयार माल.”

“त्याला बटणं असतात का हो?”

“नाही. डोक्यातून घालायचे असतात ते.”

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, “बघ. तुझ्याच माणसांनी तुझं दुकान उठवलं.”

ते वाक्य खोटे नव्हते, आणि म्हणूनच वहिनींना सहन होत नव्हते.

ही वार्ता पसरली, तसे मास्तर दिसेनासे झाले. माल नेण्यास ते दुसऱ्याला पाठवू लागले. इस्त्रीवाल्याने क्रीडागारातच खेळाडूंचे कपडे धुण्याची नोकरी पत्करली. दुकान रिकामे करण्याचा दिवस उजाडला. खण टेम्पोत चढले, लेक पुढे गेली. वहिनी मात्र बोळात वळल्या आणि मास्तरांच्या कार्यशाळेचा जिना चढल्या. इतक्या वर्षांत त्या तेथे कधी गेल्या नव्हत्या. नेहमी तीच माणसे त्यांच्याकडे येत असत.

मास्तर शिलाईयंत्रावर वाकलेले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“रागावलात ना, वहिनी?”

“रागावले. खोटं कशाला बोलू?”

“मी तुमच्या भल्यासाठी...”

“ते कळतं हो. कळतं म्हणून तर राग कुठं ठेवावा ते कळत नाही.” त्या दारातून आत आल्या. “मीही थांबवलं नाही तुम्हाला. हसत बसले.”

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. खाली कोठेतरी भिंत पाडण्याचा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला.

“मास्तर,” वहिनी म्हणाल्या, “माझं माप घ्या.”

“काय?”

“कोट शिवायचाय मला. लेकीकडे थंडी फार असते म्हणतात. जन्मभर तुम्हाला बटणं पुरवली, पण तुमच्या हातचं एक वस्त्र अंगावर घातलं नाही मी.”

मास्तर उठले. त्यांनी गळ्यातील मोजपट्टी काढली. वहिनी आरशासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात बाजूंना पसरले. मास्तर खांदा मोजून, सवयीने आकडा मोठ्याने उच्चारून थांबले. तो लिहून घेणारा इस्त्रीवाला आता नव्हता. वहिनींनी आकडा पुन्हा एकदा म्हणून ध्यानात ठेवला. मास्तर पाठीकडे वळले.

हात पसरून उभ्या असलेल्या त्या माउलीचे, आणि तिच्या पाठीशी वाकलेल्या त्या वृद्धाचे कल्याण असो. जिने कार्यालयात मान खाली घातली, त्या पाहणीवाल्या मुलीचेही असो. त्या कोटात माउलीला ऊब लाभो.